शिफ्टचा चार्ज

रात्रीच्या शिफ्टचा चार्ज पहिल्यांदा माझ्या नावावर आला तो प्रभारी म्हणून. महापालिकांच्या अग्निशमन दलांत हे नेहमीचं आहे. केंद्र अधिकाऱ्याचं पद मंजूर असतं, पण भरलेलं नसतं. सेवाज्येष्ठता यादीवर हरकती असतात, बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणानुसार पदांची यादी, तपासून यायची असते, पदोन्नती समितीची बैठक पुढे गेलेली असते. मग दुय्यम अधिकाऱ्याच्या हातात अतिरिक्त कार्यभाराचा एका पानाचा आदेश पडतो. त्या संध्याकाळपासून शिफ्टमधला प्रत्येक माणूस आणि त्या भागातली प्रत्येक वर्दी, म्हणजे मदतीसाठी आलेला प्रत्येक फोन, त्याच्या जबाबदारीची होते. मग ती आगीची असो, अपघाताची असो की नाल्यात पडलेल्या गाईची.

आमचं केंद्र ठाणे जिल्ह्यातलं. एका अंगाला यंत्रमागांच्या गल्ल्या, दुसऱ्या अंगाला महामार्गालगतची गोदामं. गल्ल्यांत गाडी शिरत नाही आणि गोदामांत काय भरलंय ते बाहेरून कळत नाही, या दोन अडचणींभोवतीच आमचं निम्मं काम फिरतं.

त्याआधीची माझी नोकरी आत जाण्यात गेली होती. अग्निशामक म्हणून लागलो, मग लीडिंग फायरमन, मग कोर्स करून दुय्यम अधिकारी. गाडी थांबली की उतरायचं, पाण्याचा होज टाकायचा, पाठीवर बी.ए. सेट, म्हणजे हवेचा सिलिंडर आणि मास्क, चढवून होजच्या टोकाची ब्रांच, म्हणजे पाण्याचा फवारा सोडणारी तोटी, घेऊन धुरात शिरायचं. याची अंगाला सवय होते. आगीच्या ठिकाणी पाय आपोआप दाराकडे वळतात. शिफ्ट इनचार्जला नेमका तोच पाय थांबवावा लागतो, आणि हे एका दिवसात जमत नाही.

मला ते ज्यांनी शिकवलं ते आमचे केंद्र अधिकारी निवृत्तीला आले होते. आदेश निघायच्या बरंच आधी त्यांनी मला प्रत्येक वर्दीला स्वतःच्या बाजूला उभं करायला सुरुवात केली. "ब्रांचला हात लावायचा नाही," एवढीच ताकीद. हातात वॉकीटॉकी, एक पाटी आणि मार्कर. पाटीवर आत गेलेल्या प्रत्येकाचं नाव, आत जायची वेळ आणि सिलिंडरमधला दाब लिहायचा. मधेच ते विचारायचे, "दुसऱ्या जोडीला किती मिनिटं झाली? कुठल्या बाजूला आहेत? बाहेर यायला दुसरी वाट आहे का?" उत्तर द्यायला मी पाटीकडे पाहिलं तर चालायचं, दाराकडे पाहिलेलं त्यांना चालायचं नाही. दारातून फक्त धूर दिसतो, असं त्यांचं म्हणणं.

या पाटीमागचं गणित सांगायला हवं, कारण सगळी कमांड शेवटी त्यावर येऊन ठेपते. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने १८०० लिटर हवा मावते. मिनिटाला ४० लिटर लागते असं धरलं तर ४५ मिनिटं. त्यातली १० राखीव ठेवायची, म्हणजे कागदावर ३५. पण १५ मीटरचा एक होज पाण्याने भरला की त्यात पंचेचाळीस-एक लिटर पाणी असतं. ते ओढत जिना चढणारा, पन्नाशीकडे झुकलेला माणूस मिनिटाला ४० लिटर हवेवर भागवू शकत नाही. त्याला दुप्पटही लागते. म्हणजे हातात राहतात पंधरा-वीस मिनिटं, आणि त्यात परतीचा रस्ताही धरायचा. दाब ५५ बारच्या आसपास उतरला की सेटवरची इशाऱ्याची शिटी वाजते. आमचे साहेब म्हणायचे, शिटी आत वाजली तर ती इनचार्जसाठी वाजली असं समज. माणूस शिटी वाजायच्या आधी दाराशी दिसला पाहिजे.

चार्ज घेण्याची सुरुवात वॉच रूममध्ये, म्हणजे वर्दीचे फोन येतात त्या खोलीत, होते. आधीच्या शिफ्टचा अधिकारी ऑकरन्स बुक, म्हणजे शिफ्टमधल्या घडामोडींची नोंदवही, पुढे सरकवतो. त्यातल्या नोंदींइतकंच तो तोंडी काय सांगतो ते महत्त्वाचं. अमुक चौकातल्या हायड्रंटला, म्हणजे गाडी भरायच्या नळाला, पाणी नाही. तमुक रस्ता केबलसाठी खणलाय, मोठी गाडी जाणार नाही. दोन नंबरच्या गाडीचा पंप प्राइम व्हायला, म्हणजे पाणी ओढायला, वेळ घेतोय. संध्याकाळी लग्नाची वरात आहे, बाजारपेठेतून जायचं नाही. शहराचा असा नकाशा कुठे छापलेला नसतो. दर शिफ्टला तो बदलतो आणि एका तोंडातून दुसऱ्या कानात जातो. मी तो वहीत उतरवायला सुरुवात केली. आता आमच्या केंद्रावर भिंतीवरच फळा आहे, आणि तो पुसल्याशिवाय व नव्याने लिहिल्याशिवाय चार्ज पूर्ण झाला असं आम्ही मानत नाही.

मग रोल कॉल. बाहेरून ती नुसती हजेरी वाटते. इनचार्ज त्या वेळी माणसं वाचत असतो. कोणाचे डोळे लाल आहेत, कोण तापाची गोळी घेऊन आलाय, कोणाचं पोर दवाखान्यात आहे. आज रात्री पहिल्या जोडीत कोण, हे इथेच ठरतं. नवा पोरगा नेहमी जुन्याबरोबर. दोन दांडगे एका जोडीत कधीच नाहीत, कारण त्यांच्यातलं कोणी मागे फिरू या असं म्हणणार नाही. यंत्रचालकाला मी मामा म्हणतो, वयाने ते माझ्यापेक्षा खूप मोठे. पण त्यांनाही रोज विचारतो, "मामा, झोप झाली का?" ते हसत नाहीत, नीट उत्तर देतात. त्यांनाही ठाऊक आहे की पंपाशी उभा असलेला माणूस पेंगला तर आतल्या जोडीचं पाणी जातं.

त्यानंतर बी.ए. सेट. प्रत्येक जण आपला सेट स्वतः तपासतो आणि मी फक्त बघतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, गेज वाचायचा, व्हॉल्व्ह बंद करून हवा हळूहळू सोडायची आणि काटा खाली येताना शिटी कुठे वाजते ते ऐकायचं. मास्क चढवून नळीच्या तोंडावर तळवा दाबायचा आणि श्वास आत ओढायचा. मास्क चेहऱ्याला चिकटला पाहिजे. दाढीचे खुंट वाढलेले असतील तर तो चिकटत नाही, कडेने हवा शिरते. म्हणून आमच्याकडे दाढीची शिस्त आहे. बाहेरच्यांना ती पोलिसी थाट वाटते. तिचं कारण एवढंच की त्या फटीतून आत येणारा धूर माणसाला दोन-चार श्वासांत आडवा करू शकतो.

माझ्या चार्जमधली पहिली मोठी आग कापडाच्या गोदामाची होती. मध्यरात्र उलटून गेली होती. वर्दी देणाऱ्याने फक्त "पुलापुढचं गोदाम" एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. वॉच रूममधल्या आमच्या माणसाने त्याच नंबरवर उलट फोन लावून खूण काढून घेतली, म्हणून रस्ता चुकला नाही. गाडी वळणावर आली तेव्हाच धूर दिसला. काळा नव्हता, पिवळट तपकिरी होता आणि शटरच्या फटींतून एकदा बाहेर येत होता, एकदा आत ओढला जात होता. गोदाम श्वास घेतंय असं वाटावं, तसा. आत आग हवेवाचून गुदमरलेली असते तेव्हा धूर असा वागतो. अशा वेळी शटर धाडकन उघडलं तर ताजी हवा आत जाते आणि उघडणाऱ्याच्या अंगावर सगळं पेटून येतं.

गाडीतून उतरल्यावर मी पहिल्यांदा गोदामाला पूर्ण फेरी मारली. चारही बाजू पाहिल्याशिवाय हुकूम द्यायचा नाही हे शिकवलेलं होतं. मागच्या बाजूला लोखंडी जिना, वर पोटमाळा, छतावर सिमेंटचे पत्रे, शेजारी दुसरं गोदाम, मधे हातभर बोळ. रखवालदार भेटला. त्याला दोन्ही खांदे धरून एकच प्रश्न विचारला, "आत माणूस आहे का?" तो म्हणाला, नाही, हमाल पलीकडच्या खोलीत झोपतात, सगळे बाहेर आलेत. मी त्याला हमालांची नावं घ्यायला लावली आणि प्रत्येकाला समोर उभं केलं. आत कोणी नाही याची खात्री झाली की आगीचं रूपच बदलतं. आत माणूस असेल तर आम्ही खूप मोठी जोखीम घेतो, घ्यायलाच हवी. कापडासाठी ती घ्यायची की नाही हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर एकट्या इनचार्जला द्यावं लागतं.

कंट्रोलला पहिला मेसेज दिला: काय जळतंय, किती मोठं, कुठल्या बाजूने पसरू शकतं, किती गाड्या, किती टँकर. महावितरणला वीज तोडायला सांगितलं. शेजारच्या महापालिकांकडून मदत मागितली. मदत लवकर मागायची, नंतर नको असेल तर परत पाठवता येते. मग वरचे दोन-तीन पत्रे फोडून गरम धुराला वाट दिली, कोपऱ्यातून शटर थोडं कापलं आणि तिथून पाणी सुरू केलं. धूर सुटला, आतला ताण उतरला, तेव्हा एक जोडी आत घेतली. मग दुसरी. पाटी मी लीडिंग फायरमन दादांच्या हातात दिली. दर काही मिनिटांनी ते नाव आणि दाब मोठ्याने वाचत होते.

आग मागे हटत होती. तासाभराने आतून निरोप आला, "साहेब, हातात आलीय."

मी तेव्हा पाण्याचा हिशेब करत होतो. एका ब्रांचमधून मिनिटाला ४०० ते ५०० लिटर पाणी जातं. दोन ब्रांच, तास. पन्नास टनांच्या आसपास पाणी आत गेलेलं. त्यातलं बरंच दारातून वाहून येत होतं, पण सगळं नाही. उरलेलं गाठींनी प्यालं होतं. सुती कापडाची गाठ भिजली की जड होते आणि फुगते. पोटमाळ्यावर गाठी छताला टेकेपर्यंत रचलेल्या होत्या, आणि तो माळा लोखंडी गर्डरवर होता. पोलाद साधारण ५५० अंश सेल्सिअसला निम्मी ताकद गमावतं. त्याआधी ते लांबतं. दहा मीटरचा गर्डर पाचशे अंशांनी तापला तर सहा सेंटिमीटर लांबतो आणि ज्या भिंतीत बसवलाय तिला बाहेर ढकलतो. बोळाच्या बाजूच्या भिंतीवर बॅटरी मारली. मधोमध एक भेग होती. पहिल्या फेरीत मी ती पाहिली नव्हती की ती तेव्हा नव्हतीच, ते ठरवत बसायची ती वेळ नव्हती.

मी सगळ्यांना बाहेर बोलावलं.

वॉकीटॉकीवरून सांगितलं, शिटीने इशारा दिला, पंपाचा हॉर्नही वाजवायला लावला. आतून उत्तर आलं, "साहेब, पाच मिनिटं द्या फक्त." आवाज ओळखीचा होता. या पोराबरोबर मी कित्येक आगींत खांद्याला खांदा लावून शिरलो होतो. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, त्याच्या समोर ज्वाळा खरंच बसत होत्या. त्याला भिंत दिसत नव्हती. मी म्हटलं, "ब्रांच तिथेच सोड. बाहेर ये." होज आत ठेवून ते आले. दादांनी पाटीवरची नावं एकेक करून वाचली, प्रत्येकाने "हजर" म्हटलं, आणि शेवटचं नाव खोडल्यावरच मी पुढचा हुकूम दिला: आता बाहेरून पाणी, भिंतीच्या उंचीच्या दीडपट अंतर सोडून, शेजारचं गोदाम वाचवायचं.

आग पुन्हा वाढली. पहाटेपर्यंत त्या गोदामातलं जवळजवळ सगळं गेलं. शेजारचं वाचलं. आणि ती भिंत शेवटपर्यंत उभी राहिली. माळाही पडला नाही.

गोदामाचा मालक उजाडताना आला. माझ्यासमोर उभा राहून तो म्हणाला, तुमची माणसं आत होती, आग विझत आली होती, तुम्ही त्यांना का काढलंत? त्याच्या जागी तो बरोबरच होता, आयुष्याची कमाई त्याच्या डोळ्यांदेखत जळाली होती. मी त्याला भेग दाखवली, गर्डरचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण त्याला पटलं नाही. आमच्यातल्याही एक-दोघांना ते पटलं नव्हतं, आणि केंद्रावर परतल्यावर त्यांनी ते तोंडावर सांगितलं. मला ते आवडलं. पाठीमागे बोलण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि कामानंतर सगळ्यांनी गोल बसून बोलायचं ही पद्धत त्यासाठीच ठेवली आहे.

तिथे मी जे बोललो ते आजही तसंच बोलेन. निर्णय बरोबर होता की चूक, हे भिंत पडली की नाही यावरून ठरत नाही. त्या मिनिटाला मला जे दिसत होतं, त्यावर ठरतं. आत माणूस नव्हता. भेग होती, पाण्याचं वजन होतं, तापलेले गर्डर होते. अशीच भेग उद्या पुन्हा दिसली तर मी पुन्हा सगळ्यांना बाहेर काढीन, आणि दहातल्या नऊ वेळा भिंत उभी राहिली तरी काढीन.

९ मे २०१५ ला मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला आग लागली आणि इमारत कोसळली. मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी त्यात गेले. दलातली सगळ्यांत अनुभवी माणसं होती ती. त्या दिवसानंतर महाराष्ट्रातला कुठलाही अग्निशमन अधिकारी जुन्या इमारतीसमोर उभा राहतो तेव्हा त्यांची आठवण येतेच. आणि १४ एप्रिल तर आमच्या रोल कॉलमध्येच आहे. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजावर कापसाच्या गाठींना आग लागली. त्याच जहाजात दारूगोळा होता. आग विझवायला गेलेले ६६ जवान स्फोटांत गेले. कापूस आणि स्फोटकं एकाच जहाजात कशी, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो. कारण आमच्या भागातल्या गोदामांत आजही कापडाच्या शेजारी रसायनांचे पिंप सापडतात, आणि दारावरच्या पाटीवर दोहोंपैकी एकाचंच नाव असतं.

म्हणून शिफ्ट इनचार्जचं अर्धं काम मी आग नसताना करतो. संध्याकाळी एक गाडी घेऊन गोदामांच्या रांगेत जातो. दार कुठे, मागची वाट कुठे, माळा कशावर उभा आहे, पाणी कुठून मिळेल, रात्री कोण झोपतं, सगळं वहीत. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दर वर्षी जानेवारी आणि जुलैत, आपल्याकडची अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. प्रमाणपत्र फायलीत असतं. मी व्हॉल्व्ह फिरवायला सांगतो. कित्येक ठिकाणी तो गंजलेला असतो, होजच्या पेटीत झाडू असतात. अशा वेळी मी आवाज चढवत नाही. रखवालदाराला जवळ बोलावून व्हॉल्व्ह कसा सोडवायचा ते दाखवतो, कारण रात्री दोन वाजता तिथे मालक नसतो, तोच असतो. नोटीस वेगळी, ती तर निघतेच.

या कामाचं एक अंग घरच्यांशिवाय कोणाला दिसत नाही. आग विझल्यावर बाकीचे आंघोळ करून आडवे होतात, इनचार्ज अहवाल लिहितो. वर्दीची वेळ, पोहोचल्याची वेळ, आत गेलेल्यांची नावं, बाहेर बोलावल्याची वेळ आणि कारण. त्या गोदामाच्या नोंदीत मी कारण पूर्ण लिहिलं: भेग कुठे, किती लांब, माळ्यावर अंदाजे किती माल. पुढे विम्याच्या लोकांनी आणि पोलिसांनी दोघांनी ते पान मागितलं. लिहिलेलं नसतं तर माझ्या शब्दाला काही वजन राहिलं नसतं. लिहून होईस्तोवर दिवस वर येतो. घरी बायको चहा ठेवते आणि एकच विचारते, "सगळे आले ना?" मी कसा आहे हे तिला दिसतंच, ती विचारते ते पोरांचं.

आता माझी पदोन्नती नियमित झाली आहे आणि निवृत्त साहेबांची जागा मी चालवतो. एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. पाटी धरायला वेगळा माणूस मंजूर नाही. शिफ्टमध्ये माणसं कमी असली की सगळ्यांत आधी पाटीवरचा माणूसच होज ओढायला जातो, कारण ते काम बिनकामाचं दिसतं. मी वरिष्ठांना लेखी दिलं आहे की प्रत्येक शिफ्टला बी.ए. नियंत्रणासाठी एक जागा राखून ठेवावी, आणि ती मिळेपर्यंत माझ्या शिफ्टला मोठ्या आगीत आत पाठवायची एक जोडी मी कमी धरतो. पुढच्या महिन्यात कोर्स करून दोन नवे दुय्यम अधिकारी येत आहेत. दोघेही तगडे आहेत, आत शिरायला उत्सुक आहेत. पहिले काही आठवडे दोघांनाही पाटीवर उभं करायचं ठरवलं आहे.